हवा आत जाते, बाहेर येत नाही : डॉ. रेने लेनेक आणि एम्फिसीमाची झडप

तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कुणाला एम्फिसीमा असेल, तर हा अनुभव ओळखीचा वाटेल. डॉक्टर पाठीला स्टेथोस्कोप लावतात, तोंड उघडून खोल श्वास घ्यायला सांगतात आणि एकाच जागी दोन-तीनदा ऐकत राहतात. तुम्हाला वाटते, छातीत काहीतरी जास्तीचे वाजत असावे. बहुतेक वेळा उलटे असते. श्वासाचा आवाज जेवढा यायला हवा तेवढा येत नसतो, म्हणून डॉक्टर पुन्हा ऐकतात. छाती तर हवेने फुगलेली, आणि तरी श्वासाचा आवाज नाही.

हे कोडे सविस्तर मांडले ते रेने लेनेक या फ्रेंच डॉक्टरांनी, १८१९ साली. स्टेथोस्कोप हा शोधही त्यांचाच.

आज त्यांच्याबद्दल लिहायचे कारण वेगळे आहे. हल्ली एम्फिसीमाचे रुग्ण आणि त्यांची मुले मोबाइलवर एखादा व्हिडिओ दाखवतात. त्यात दुर्बिणीतून फुफ्फुसात छोटी झडप बसवलेली असते आणि रुग्ण पुन्हा चालू-फिरू लागलेला असतो. मग प्रश्न येतो, की आमच्या वडिलांना ही झडप बसवता येईल का? मी फॅमिली डॉक्टर आहे. झडप बसवणे हे छातीविकारतज्ज्ञांचे काम. पण ती काय करते, कुणाला उपयोगी पडते आणि कुणाला नाही, हे तुम्हाला आधी समजले तर तज्ज्ञांकडे गेल्यावर तुमचा गोंधळ होणार नाही. लेनेक यांनी फुफ्फुसात काय पाहिले, ते कळले की झडपेचे निम्मे गणित कळते.

आईविना वाढलेला मुलगा

रेने लेनेक यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७८१ रोजी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतातल्या कँपेर या गावी झाला. रेने पाच वर्षांचा असताना आई गेली. तिचा आजार क्षयरोगच असावा, असे मानले जाते. वडील वकील होते, पण मुलांची जबाबदारी त्यांनी कधी नीट घेतली नाही. रेने काही वर्षांत नाँत शहरातल्या काकांकडे आला. काका गियोम लेनेक डॉक्टर होते. पुतण्याचे शिक्षण आणि त्याला लागलेली वैद्यकाची गोडी, दोन्ही या काकांमुळे.

तो फ्रेंच राज्यक्रांतीचा काळ होता. नाँत शहराने त्या वर्षांत फार रक्तपात पाहिला. अशा दिवसांत, वयाच्या चौदाव्या वर्षीच रेने काकांच्या हाताखाली रुग्णालयात शिकू लागला. अंगाने किरकोळ, तब्येत नाजूक. त्याला बासरी वाजवायची आवड होती. १८०१ मध्ये, विसाव्या वर्षी, तो वैद्यकीय शिक्षणासाठी पॅरिसला गेला.

पॅरिसमध्ये त्यांना कोर्व्हिसार हे गुरू भेटले. हे पुढे नेपोलियनचे डॉक्टर झाले. छातीवर बोटांनी ठोकून आतला आवाज ऐकायची पद्धत ऑस्ट्रियाच्या आउएनब्रुगर यांनी १७६१ मध्येच लिहून ठेवली होती, पण तिच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नव्हते. कोर्व्हिसार यांनी ती विद्यार्थ्यांना शिकवली. भरलेल्या आणि रिकाम्या डब्यावर टिचकी मारली की वेगळा आवाज येतो, तसेच हे. छातीत पाणी असेल तर आवाज बद्द येतो, हवा असेल तर पोकळ येतो. तुमचे डॉक्टर आजही हेच करतात.

त्या काळच्या पॅरिसमध्ये आणखी एक गोष्ट नवी होती. रुग्ण जिवंत असताना काय लक्षणे होती याची नोंद ठेवायची, आणि तो दगावला तर शवविच्छेदन करून आत काय बिघाड झाला होता हे पाहायचे. दोन्ही नोंदी शेजारी ठेवायच्या. लेनेक यांनी ही शिस्त आयुष्यभर पाळली. यकृताच्या ज्या आजाराला आपण सिरॉसिस म्हणतो, ते नावही त्यांनीच दिलेले.

कागदाची सुरळी

१८१६ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, लेनेक यांची पॅरिसच्या नेकर रुग्णालयात नेमणूक झाली. त्याच वर्षी त्यांच्यासमोर हृदयाचा आजार असलेली एक तरुण स्त्री आली. अंगाने स्थूल असल्यामुळे छातीवर ठोकून काही कळेना. तिच्या छातीला थेट कान लावणे त्यांना प्रशस्त वाटेना. लाकडी वाशाच्या एका टोकाला टाचणीने खरवडले तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येते, हे त्यांना आठवले. त्यांनी कागदाच्या तावांची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले आणि दुसऱ्याला कान लावला. हृदयाचे ठोके थेट कान लावूनही येणार नाहीत इतके स्पष्ट ऐकू आले.

त्यानंतर त्यांनी लाकडाची, सुमारे एक फूट लांबीची पोकळ नळी तयार केली. लाकूडकामाची त्यांना आवड होती, त्यामुळे या नळ्या ते स्वतः लेथवर घडवत. तिला त्यांनी ग्रीक शब्दांवरून स्टेथोस्कोप हे नाव दिले. त्याचा अर्थ, छातीत डोकावून पाहणारे साधन. पुढची जवळपास तीन वर्षे ते वॉर्डातल्या एकेका रुग्णाची छाती ऐकत आणि नोंदी करत राहिले. ऑगस्ट १८१९ मध्ये त्यांचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. न्यूमोनिया, क्षय, छातीतले पाणी, श्वासनलिकांचे विकार, प्रत्येकाचे आवाज त्यात वेगवेगळे ओळखलेले होते.

न बसणारे फुफ्फुस

या ग्रंथातला एक भाग फुफ्फुसाच्या एम्फिसीमावर आहे. तुमच्या आजाराची गोष्ट इथे सुरू होते.

त्या काळी धाप लागणाऱ्या बहुतेक सगळ्यांना दमा आहे असेच म्हटले जाई. लेनेक यांनी त्यातले काही रुग्ण वेगळे काढले. त्यांची छाती पिंपासारखी गोल झालेली असे. बोटांनी ठोकले की नेहमीपेक्षा जास्त पोकळ आवाज येई, म्हणजे आत हवा भरपूर. पण नळी लावली की श्वासाचा आवाज अगदी क्षीण. म्हणजे हवा आहे, पण ती हलत नाही.

असा रुग्ण दगावल्यावर त्यांनी छाती उघडली, तेव्हा एक विचित्र गोष्ट दिसली. निरोगी फुफ्फुस छाती उघडताच फुग्यातली हवा गेल्यासारखे आक्रसते. हे फुफ्फुस आक्रसले नाही. उलट जागा मिळताच ते बाहेर डोकावले. त्यांनी अशी फुफ्फुसे हवा भरून वाळवली आणि कापून पाहिली. निरोगी फुफ्फुसात हवेच्या कप्प्यांची बारीक जाळी असते, तिथे त्यांना मोठमोठे पोकळ कप्पे दिसले.

असे का होत असावे? त्यांचा तर्क असा होता, की बारीक श्वासनलिकांत घट्ट कफ अडकतो. श्वास आत घेताना स्नायूंचा जोर असतो, म्हणून हवा कफाला ढकलून आत जाते. सोडताना तेवढा जोर नसतो, म्हणून ती मागे अडकते. प्रत्येक श्वासाबरोबर थोडी थोडी हवा साचत जाते आणि कप्पे ताणले जातात.

कारणाबाबत त्यांचा तर्क अपुरा होता. आज आपल्याला माहीत आहे, की विडी-सिगारेटचा धूर, चुलीचा धूर, कामाच्या जागची धूळ यांमुळे वायुकोशांच्या भिंती झिजतात आणि फुफ्फुसाची लवचिकता जाते. जुन्या विजारीचे इलॅस्टिक सैल व्हावे तसे. त्यामुळे श्वास सोडताना बारीक नळ्या मिटतात आणि हवा आत कोंडते. पण हवा आत जाते आणि बाहेर येत नाही, हे त्यांचे निरीक्षण दोनशे वर्षांनंतरही खरे आहे.

म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा. एम्फिसीमात हवा कमी पडल्यासारखी वाटते, पण खरी अडचण छातीत शिळी हवा साचल्याची असते. ती जागा अडवते, चांगल्या भागाला फुलू देत नाही आणि श्वासाचा मुख्य स्नायू असलेल्या पडद्याला खाली दाबून ठेवते. खचाखच भरलेल्या एसटीत चढायला जागा नसते, तशी ताज्या हवेला आत जागा राहत नाही.

उलट्या दिशेची झडप

आता झडपेकडे येऊ. या आजारात फुफ्फुस स्वतःच चुकीच्या दिशेची झडप झालेले असते. आत जा, बाहेर येऊ नको. उपचाराची झडप याच्या बरोबर उलट्या दिशेने काम करते. बाहेर ये, आत जाऊ नको.

आपल्या उजव्या फुफ्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन भाग असतात. त्यांना खंड म्हणतात. तपासणीत ज्या खंडाची सर्वांत जास्त नासाडी झालेली दिसते, त्याच्याकडे जाणाऱ्या श्वासनलिकांत दुर्बिणीतून या छोट्या झडपा बसवतात. साधारण तीन ते पाच लागतात. छातीवर चिरा द्यावा लागत नाही. श्वास सोडताना झडप उघडते, कोंडलेली हवा आणि कफ बाहेर पडतो. श्वास घेताना ती मिटते. हळूहळू तो निकामी खंड आक्रसतो आणि शेजारच्या बऱ्या भागाला फुलायला जागा मिळते.

खराब भाग कमी करण्याची कल्पना त्याआधीची आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात डॉ. ब्रँटिगन यांनी आणि १९९० च्या दशकात डॉ. जोएल कूपर यांनी शस्त्रक्रिया करून फुफ्फुसाचा नासलेला भाग काढला. काही निवडक रुग्णांना त्याचा फायदा झाला, पण शस्त्रक्रिया मोठी आणि जोखमीची. झडप हा त्याच विचाराचा कमी कापाकापीचा मार्ग आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने अशा पहिल्या झडपेला जून २०१८ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडे ही सोय मोजक्या मोठ्या रुग्णालयांत आहे.

त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात निवडून घेतलेले १९० रुग्ण होते. वर्षभरानंतर झडप बसवलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्के रुग्णांची श्वास फुंकण्याची क्षमता ठरवलेल्या मापाइतकी, म्हणजे आधीपेक्षा किमान १५ टक्क्यांनी, सुधारली. फक्त औषधे चालू असलेल्यांत हे प्रमाण सुमारे १७ टक्के होते. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. झडप बसवलेल्या १२८ जणांपैकी सुमारे ३४ टक्के रुग्णांना पहिल्या ४५ दिवसांत न्यूमोथोरॅक्स झाला, म्हणजे फुफ्फुसाला छिद्र पडून हवा छातीच्या पोकळीत गेली. त्या दीड महिन्यात त्यांच्यातले चार जण दगावले. न्यूमोथोरॅक्सचा धोका पहिल्या काही दिवसांत सर्वांत जास्त असतो. म्हणून झडप बसवल्यावर किमान तीन रात्री रुग्णालयात ठेवतात. गरज पडल्यास छातीत नळी टाकावी लागते, कधी झडपा काढाव्याही लागतात. त्या काढता येतात, ही त्यातली जमेची बाजू.

कुणाला बसवता येते?

दोन खंडांच्या मधे एक खाच असते. काहींमध्ये ती खंडांना पूर्ण वेगळे करते. बऱ्याच जणांमध्ये ती अर्धवट असते आणि दोन खंड एकमेकांना जोडलेले राहतात. अशा वेळी झडपेने पुढचे दार बंद केले तरी शेजारच्या खंडातून हवा मागच्या दाराने येत राहते. खंड आक्रसत नाही आणि झडप वाया जाते. मागचे दार उघडे आहे की बंद, हे रुग्णाकडे पाहून किंवा स्टेथोस्कोपने कळत नाही. त्यासाठी विशेष सीटी स्कॅन करतात, आणि पुष्कळदा दुर्बिणीतून फुगा घालून त्या खंडाची हवा थांबते का हेही तपासतात.

याशिवाय तज्ज्ञ साधारणपणे पुढील गोष्टी पाहतात :

– धूम्रपान पूर्ण बंद झाले आहे का. चालू असेल तर झडपेचा विचार होत नाही.
– इनहेलर, श्वासाचे व्यायाम हे सगळे नीट करूनही दम लागतोच का.
– फुंकण्याच्या मशीनवर क्षमता बरीच कमी आली आहे का, आणि श्वास पूर्ण सोडल्यावरही छातीत खूप हवा उरते का.
– सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो.
– वारंवार जंतुसंसर्ग, रोज खूप कफ किंवा हृदयाचा गंभीर आजार नाही ना.
– झडपेतील निकेल-टायटॅनियम धातू किंवा सिलिकॉनची ॲलर्जी नाही ना.

या चाळणीतून बरेच रुग्ण बाहेर पडतात. तुमच्या वडिलांना किंवा आईला तज्ज्ञांनी नाही म्हटले, तर ते पैशासाठी किंवा वयासाठीच म्हटले असे समजू नका. ज्याला उपयोग होणार नाही त्याला छिद्र पडण्याचा धोका देणे बरोबर नाही. नकाराचे नेमके कारण मात्र जरूर विचारा. मधली खाच अर्धवट आहे, की आजार सगळीकडे सारखा पसरला आहे, की आणखी काही? तो तुमचा हक्क आहे.

आणि हो म्हटले, तरी झडपेने आजार बरा होत नाही. झिजलेले वायुकोश परत येत नाहीत. इनहेलर, व्यायाम, फ्लू व न्यूमोनियाच्या लसी आणि गरज असेल तर ऑक्सिजन हे चालूच ठेवावे लागते. दोन जिने चढताना तीनदा थांबणारा माणूस एकदाच थांबला, स्वतःच्या हाताने आंघोळ करू लागला, तर या उपचाराचे काम झाले असे समजावे.

दुसऱ्याची छाती ऐकणारा

लेनेक यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यांची स्वतःची तब्येत ढासळली होती. १८१९ मध्येच ते विश्रांतीसाठी ब्रिटनीला, केर्लुआर्नेक इथल्या आपल्या घरी गेले. दोन वर्षांनी बरे वाटले तसे पॅरिसला परतले आणि १८२२ मध्ये कॉलेज द फ्रान्समध्ये प्राध्यापक झाले. शॅरिते रुग्णालयात देशोदेशीचे विद्यार्थी त्यांच्याकडे छाती ऐकायला शिकू लागले. टीकाही भरपूर झाली. ब्रुसे नावाचे त्या काळचे प्रसिद्ध डॉक्टर त्यांच्यावर सतत तुटून पडत. लेनेक यांनी रोजची तपासणी सोडली नाही. १८२४ मध्ये त्यांनी जाकमिन आर्गू यांच्याशी लग्न केले.

ग्रंथाची दुसरी आवृत्ती १८२६ मध्ये आली. ती पूर्ण करताना त्यांचा खोकला आणि ताप वाढला होता, वजन उतरले होते. ज्या आजाराच्या खुणा त्यांनी जगाला शिकवल्या, तोच क्षयरोग त्यांना झाला होता. पुतण्या मेरियादेक हाही डॉक्टर होता. त्याने काकांचाच स्टेथोस्कोप काकांच्या छातीला लावला. त्याला जे ऐकू आले, ते काकांनीच आपल्या ग्रंथात लिहून ठेवलेले होते. लेनेक ब्रिटनीला परतले आणि १३ ऑगस्ट १८२६ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी वारले. आपला स्टेथोस्कोप त्यांनी मेरियादेकला ठेवला.

त्या काळी क्षयाचे निदान करता येत होते, पण त्यावर औषध नव्हते. एम्फिसीमाचेही तसेच होते. आज क्षय औषधांनी बरा होतो. एम्फिसीमा बरा होत नसला तरी त्याच्यावर करण्यासारखे बरेच आहे, आणि काही निवडक रुग्णांसाठी झडपही आहे. पण लेनेक यांची शिस्त अजून बदललेली नाही. आधी तपासायचे, आत नेमके काय झाले आहे ते समजून घ्यायचे, मगच उपचार ठरवायचा.

तेव्हा व्हिडिओ पाहून थेट झडपेची चौकशी करण्याआधी एवढे करा. घरात विडी-सिगारेट चालू असेल तर आजच बंद करा. इनहेलर घेण्याची पद्धत तुमच्या डॉक्टरांसमोर एकदा करून दाखवा, कारण बरेच जण तो चुकीचा घेतात. जुने एक्स-रे, सीटी आणि फुंकण्याच्या तपासणीचे कागद एका फाइलमध्ये लावा आणि छातीविकारतज्ज्ञांना दाखवा. अचानक छातीत दुखू लागले, धाप एकदम वाढली, ओठ निळसर पडले किंवा गुंगी येऊ लागली, तर वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जा. झडप बसवलेल्या रुग्णाच्या घरच्यांनी तर हे कधीच विसरू नये.